डाव्या हाताचा कॅमेरा

मावठ्याचा पाऊस असा अवचित आला, की ऋताला रस्ता ओलांडायलाही सवड मिळाली नाही. हनुमान चौकातल्या दोन मोठ्या दुकानांतून ती रिकाम्या हाताने बाहेर पडली होती, आणि आता एका लहानशा फोटो स्टुडिओच्या पत्र्याखाली ओढणी डोक्यावर धरून उभी होती. मागे काचेच्या कपाटात सात-आठ कॅमेरे मांडलेले. त्यांच्यापुढे पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेलं — ‘पुराने, मगर अच्छे’.

तिला हसू आलं.

“अंदर आ जाइए, भीग जाएँगी,” आतून आवाज आला. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“नाही गं आई, नाही मिळाला कॅमेरा अजून... हो, स्वेटर आहे अंगात.”

ती आत वळली, तर काउंटरमागचा तरुण तोंडभर हसत होता. “मराठी आहा का तुमी? मंग अगोदर सांगाचं नं! दिवसभर हिंदी बोलून जीभ आखडते माह्यी.”

तो घनश्याम. खैरलांजीकडच्या भातशेतीवाल्या घरातला. तीन वर्षांपासून हा स्टुडिओ भाड्याने चालवत होता.

“सहा हजारांच्या आत बसेल असा पाहिजे. रोजच्या वापराला,” ऋता म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची; नेटवर सगळा अभ्यास करूनच आली होती. “किती मेगापिक्सेलचा घ्यावा?”

“थे राहू द्या. फोटो काढनार कोन? अन् कायचे?”

हे तिला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. ती स्टुलावर बसली... आणि बोलतच राहिली.

फोटो काढणार होते बाबा. शरदचंद्र, जंगल खात्यातून निवृत्त झालेले. रोज एक तरी फोटो काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे — फाटकावरची खार, भाजीवालीची टोपली, आईचं वैतागलेलं तोंड. दिवाळीत अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात मांडीवर पडून राहिला. जुना कॅमेरा जड. मोबाइल धरला, तर डावा अंगठा थरथरायचा, भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा त्यांनी तो भिरकावूनच दिला. तेव्हापासून ते ओसरीवर आलेच नव्हते.

“आणि सगळ्या कॅमेऱ्यांचं बटण उजवीकडेच असतं हो,” ती म्हणाली.

घनश्यामने कपाटातले कॅमेरे एकेक करून न्याहाळले. मग हळूच म्हणाला, “चार दिवस द्या मले.”

पाचव्या दिवशी ऋता आली, तेव्हा तो डाव्या हाताने चहा पीत होता. उजवा हात स्वेटरच्या आत कोंबलेला. गालावर ब्लेडने कापल्याच्या दोन ताज्या खुणा.

“अहो! हाताला काय झालं?”

“काई नाई. सुट्टी देल्ली त्याले.” तो लाजला. “तुमच्या बाबाले काय जमते, काय नाई, थे मले कसं समजन? म्हनून चार दिवस सगळं डाव्या हातानं करून राह्यलो. दाढी तेवढी महागात पडली.”

ऋता त्या खुणांकडे पाहत राहिली. मग आपण फार वेळ पाहतोय हे लक्षात येऊन तिने नजर चटकन टेबलावर वळवली.

“हा पाहा.” त्याने मुठीएवढा एक चंदेरी कॅमेरा उचलला — आणि सरळ उलटा केला. डोकं खाली, पाय वर. बटण आता खाली, बरोबर डाव्या अंगठ्याखाली आलं. “पडद्यावर चित्र सरळच दिसते. फक्त मेनूची अक्षरं उलटी. फोटोही उलटा निघते, पन छापल्यावर कागद फिरवला का झालं!”

ती खळखळून हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच.

पण घरी बाबा हसले नाहीत. “नको मला खेळणी,” असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शेवटी रविवारी घनश्याम स्वतःच घरी आला. बाबांना त्याने एक शब्दही समजावला नाही. खाटेसमोर बसला, डाव्या हाताने कॅमेरा उलटा धरला आणि त्यांचाच फोटो काढून पडदा त्यांच्यापुढे केला.

बाबांनी पाहिलं. कपाळाला आठी पडली.

“डोकं कापलंस माझं!”

“हौ का? मंग दुसरा घेतो.”

“अरे, आता कान गेला! दुकान चालवतोस का काय करतोस? आण इकडे!”

डावा हात पुढे आला. अंगठा थरथरला, पण बटण दाबलं गेलं. दारात आई पदर तोंडाला लावून उभी होती, तिचाच फोटो निघाला — वाकडा, हललेला. बाबा तो कितीतरी वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अलका, जरा उजेडात ये बरं.”

त्यानंतर दर शनिवारी ऋता फोटो छापायला कार्ड घेऊन येऊ लागली. मशीन दहा मिनिटांत फोटो द्यायचं. तिला मात्र तास लागायचा. कधी चहा, कधी त्याच्या गावचे किस्से... आणि कधी दोघंही एकाच फोटोवर वाकलेले.

फाल्गुनातल्या एका शनिवारी ती आली आणि काउंटरवर काहीच ठेवलं नाही.

“कार्ड?”

“नाही आणलं.” तिने श्वास घेतला. “उद्या जबलपूरहून मला बघायला येणार होते. मुलगा इंजिनिअर आहे.”

घनश्यामच्या हातातलं फडकं काचेवर थांबलं. “चांगलं हाय नं मंग...”

“‘होते’ म्हटलं मी. काल मी नकार कळवला.”

त्याने फडक्याची घडी घातली आणि पुन्हा मोडली. “ऋता मॅडम, मी बारावी शिकलो. दुकान भाड्याचं. आता जुने कॅमेरे घ्याले तरी कोन येते? तुमच्या घरचे सारे नोकरीवाले. मी रोज ठरवतो, आज बोलाचं... अन् तुमी गेल्यावर शटर पाडून घरी जातो.”

“मला ठाऊक आहे सगळं. बाबांनाही.”

“त्याइले?” तो दचकला. “काय म्हनले?”

“म्हणाले, तो विचारतो का, की मीच जाऊन विचारू?”

त्याचे कान लालबुंद झाले. तो काउंटरला वळसा घालून बाहेर आला — आजवर कधीच आला नव्हता — आणि तिच्यासमोर उभा राहिला. हातांचं काय करावं, हे त्याला कळेना.

“ऋता,” तो म्हणाला. मॅडम गळून पडलं. “करशीन माह्याशी लग्न?”

“हौ,” ती म्हणाली. आणि आपल्याच तोंडून निघालेल्या, त्याच्या बोलीतल्या त्या शब्दाचं हसू येऊन, भरल्या डोळ्यांनी, तिने त्याचा हात हातात घेतला.