गडबच्या रस्त्यावरचा थंड पट्टा

गडबहून खाडीकडे जाणारा नवा डांबरी रस्ता आपल्या लेकीने केला, हे धोंडुबाईचं अख्ख्या गावाला सांगून झालं होतं. मिठागरात राबणाऱ्या घरातली प्रतिक्षा इंजिनीयर झाली, कंपनीने हा दोन किलोमीटरचा तुकडा तिच्यावर सोपवला, आणि तिनेही तो जीव ओतून केला.

एप्रिलच्या भर दुपारी ती रस्त्याचं तापमान मोजत होती. काळं डांबर ऊन पिऊन घेतं, खडी ते पोटात साठवते आणि दिवस मावळल्यावरही सावकाश सोडत राहते. डांबर फार तापलं तर मऊ पडतं, चाकांखाली दबतं. म्हणून ही मोजणी. सगळीकडे बासष्ट, त्रेसष्ट अंश. रस्त्याखालच्या मोरीजवळ मात्र एकतीस.

तिने दुसरं यंत्र लावलं. एकतीसच. रस्त्याला आडवा, जेमतेम दोन हात रुंद पट्टा. रंग तोच, खडी तीच. खाली पाणी मुरलं असेल म्हणून तिने गोल तुकडा कापून काढला. कोरडा ठणठणीत. बाजूला उन्हात ठेवला, तर पाव तासात हाताला चटका देऊ लागला. भोकाच्या कडा मात्र गारच.

"मॅडम, तिथंपण त्रेसष्ट टाका," सुपरवायझर हर्षद म्हणाला. "नायतर तपासणी अडकंल."

"माझ्या रस्त्याचा खोटा आकडा मी लिहिणार नाही. पट्टा उखडा. उद्या नवा टाकू."

संध्याकाळी तिने आईला सांगितलं. धोंडुबाईला नवल वाटलं नाही.

"आमची मिठागराची वाट तिथूनच व्हती गो. टोपल्या घेऊन बायका अनवाणी जायच्या. आता कोण उरलंय त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा माल आला. गाडीत एकशे पन्नास अंश. मजुरांनी तो पसरला, वाफा निघाल्या. रोलर पुढे सरकण्याआधीच वाफा थांबल्या.

प्रतिक्षाने यंत्र रोखलं. एकतीस.

रोलरवाल्याने इंजिन बंद केलं.

तेवढ्यात धोंडुबाई जेवणाचा डबा घेऊन आली. पट्ट्याजवळ येताच ती थबकली. तिने चपला काढल्या, डोईवर पदर घेतला आणि कडेला सरकून उभी राहिली.

"बाजूला हो गो," ती हलकेच म्हणाली. "त्यांच्या डोईवर वजन हाय."

प्रतिक्षा बाजूला झाली. समोर नुसता रिकामा रस्ता.

धोंडुबाईने मान जराशी वर केली, कुणी काही विचारल्यासारखी. तिचा चेहरा फुलला.

"व्हय," ती म्हणाली. "माझीच लेक. तिनंच केलाय."

प्रतिक्षाच्या तापलेल्या गालावरून एक गार, खरखरीत तळवा मायेने फिरला.

तिने आईकडे पाहिलं. आईचे दोन्ही हात डब्यावर होते.