तिसरा ड्राइव्ह

मंगळवारी सकाळी कोस्केलाबाई डुलुथच्या माझ्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात आल्या. एका हातात वेलदोड्याचा गोड पाव, दुसऱ्या हातात शंभर एमबीची जाडजूड डिस्क.

"गॉर्डन, यात माझ्या गेलेल्या नवऱ्याचा, रेइनोचा आवाज आहे रे. शेवटच्या आजारपणात माझ्यासाठी गोष्टी वाचून ठेवल्यात त्यानं. दुसरी प्रत नाही. कालपासून नुसती टकटक करते."

टकटक म्हणजे ड्राइव्हचं वाचणारं टोक जागा शोधतं, सापडली नाही की मागे जातं, पुन्हा येतं. अशी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची नाही. आतल्या चकतीची कड फाटली असेल तर ती नवं टोक मोडते, आणि मोडकं टोक चकती आणखी फाडतं. गिऱ्हाइकांना मी हे दमात घेऊन सांगतो.

आधी डिस्कची झडप सरकवून कड बघायची, मिनिटाचं काम. पण न्याहारीची घाई होती, अक्कल चरायला गेली होती. घातली. टकटक. दुसऱ्यात घातली. मग, शेण खाल्लं मी, तिसऱ्यात.

झडप सरकवली तेव्हा कड लोकरीसारखी पिंजली होती.

"आली तेव्हाच मेलेली होती, बाई," मी म्हणालो.

"मग तुझा काय दोष? पाव खा हं," म्हणत त्यांनी डिस्क पर्समध्ये जपून ठेवली. मला मान वर करवेना. मी पाव खाऊ लागलो.

दुपारी टेबलावर टकटक सुरू झाली. रिकामा ड्राइव्ह. मी वायर उपटली. मग दुसरा वाजू लागला, मग तिसरा. तिन्ही वायरी उपटून माझ्या हातात होत्या, तरी टकटक थांबेना.

फोन वाजला.

"गॉर्डन, लागली रे डिस्क घरच्या ड्राइव्हमध्ये! पण रेइनो वाचत नाहीये. तुझ्याशी बोलतोय."

"माझ्याशी?"

"विचारतोय, किती ड्राइव्हमध्ये घातलीस. डिस्कमधून तुझाच आवाज म्हणाला, तीन. आता विचारतोय, माझ्या बायकोला खोटं का सांगितलंस. तू गप्प आहेस. गॉर्डन, खरं का हे?"

त्यांच्या स्पीकरमधून कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता, दमेकऱ्याचा, बारीक शीळ घालणारा. दमा मला आहे.

मी श्वास रोखून धरला.

तिकडचा चालूच होता.