फळीपलीकडचं तळं

"डोंगर चढून आलेत हे," फाटका बूट उलटा करत ती म्हणाली. "आणि शेवटी चिखलात उतरलेत. तळ्यावर गेला होतात?"

बूट शिवून घ्यायला आलेला वनरक्षक हसला. "रोज जातो, ड्यूटीच तिथं. तुम्हीही या ना, फाटकापासून अगदी—"

काउंटरमागून तिची व्हीलचेअर पुढं आली आणि त्याचं वाक्य अडलं.

"अगदी... काय? बोला की. सगळे इथंच गप्प होतात."

गावातल्या भटक्यांचे बूट तीच शिवायची. डोंगर तिच्या मांडीवर यायचे, तोंड वासून, आणि शिवून परत जायचे. ती मात्र जंगलाच्या फाटकापुढं कधी गेली नव्हती. फाटकावर पाटी होती, 'जंगल सर्वांचे आहे.' पाटीखाली मोटारसायकली अडवायला वाकडातिकडा पाइप. ज्यानं तो बसवला, त्याच्या हिशेबी ती 'सर्वां'त नव्हतीच.

"मी... उचलून नेऊ?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

"मी काय गादी आहे?" ती भडकली. "आईही तेच म्हणते, दादाला सांग, उचलून नेईल. मला कुणी पोचवायला नकोय. जायचंय. माझ्या चाकांवर."

कान लाल करून तो गेला. पुढच्या आठवड्यात परत दारात.

"बूट झाले?"

"नाही."

"बरं. पाइप कापला."

ती सुईत दोरा ओवू लागली... ओवताच येईना.

मग तो येतच राहिला. एकदा ऐटीत सांगू लागला, वाटेवर छान खडी पसरली म्हणून.

"खडीत चाकं रुततात हो, शहाणे!"

त्यानं सगळी खडी उपसली, मुरूम टाकून चोपून घट्ट केला. दरवेळी विचारायचा, "बूट?" दरवेळी ती म्हणायची, "हवा तसा दोरा मिळत नाहीये." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

शेवटी ती निघाली. चढावर तिचे दंड थरथरले, श्वास फुलला. तो बाजूनं चालत होता, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून... चुकून ढकलू नयेत म्हणून. तिनं ते पाहिलं.

तळ्याकाठी त्यानं नवाकोरा लाकडी कठडा बांधला होता.

"आवडलं?"

ती खुर्चीत ताठ झाली, मान उंचावली.

"अगं, काय झालं?"

"खाली बस. माझ्याशेजारी."

तो उकिडवा बसला. डोळे तिच्या डोळ्यांच्या रेषेत आले. समोर गुळगुळीत रंधा मारलेली जाड फळी. तळं नव्हतंच.

"छान आहे म्हणणार होते," ती म्हणाली. "पण खोटं बोलायला मी एवढी चढून नाही आले."

तो उठला. चौकीतून करवत घेऊन आला. भुसा तिच्या मांडीवर उडत राहिला, ती झटकेना. फळी पडली... आणि पाणी थेट तिच्या डोळ्यांत शिरलं. हिरवं, हलणारं, वाऱ्यानं शहारलेलं.

करवत ठेवून तो शेजारी टेकला. तो जमिनीवर, ती खुर्चीत. त्याच्या पायांत चपला होत्या, बोटं मुरमानं लाल झालेली.

"तुझे बूट," ती पाण्याकडं पाहत म्हणाली, "कधीच झालेत."

"मग दिले का नाहीस?"

"दिले असते तर... आला असतास?"

"आलो असतो की," तो म्हणाला. "दुसरे फाडून."