माळेतलं मोठं कडं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं मी काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत, गेल्या थंडीत घडलंय.

मावशी आणि काका दलदलीकाठच्या पक्षी केंद्रात कामाला होते. थंडीत दुरून येणारे पक्षी जाळीत धरायचे, पायात नंबराचं कडं घालायचं आणि सोडून द्यायचे.

त्याच्या आदल्या वर्षी एका पहाटे काका कड्यांची माळ खिशात टाकून जाळ्यांकडे गेले, ते परत आलेच नाहीत.

नुसती होडी सापडली.

माळ मावशीनेच ओवलेली, त्यामुळे नंबर तिला तोंडपाठ. शेवटी करकोच्यासाठीचं एक मोठं कडं होतं. काका चेष्टेने म्हणायचे, "हे तुझ्या बोटासाठी राखून ठेवलंय."

गेल्या थंडीत जाळीत एक इवलासा पक्षी अडकला. त्याच्या पायात आधीच कडं होतं...

त्याच माळेतलं. कोरं करकरीत.

मग दुसरा पक्षी. मग तिसरा. नंबर ओळीने पुढे सरकत होते.

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. हा माणूस मेलेला नाही. मला टांग मारून कुठेतरी मजेत बसलाय! तिचा दीरही केंद्रातच होता. तोच सामील असणार, म्हणून ती त्याच्या चपलांचा चिखलसुद्धा निरखू लागली.

शेवटी तिने तोंडावरच विचारलं, "भाऊजी, ते जिवंत आहेत ना?"

"असता, तर बखोट धरून तुमच्यापुढे उभा केला असता, वहिनी. हवं तर मला कोंडून घाला."

तिने खरंच त्याला खोलीत घालून कुलूप लावलं आणि एकटीच जाळ्यांकडे गेली. धुकं होतं. एक पक्षी अडकलेला. तिने पाय तपासले, रिकामे होते. पिशवीत घालून गाठ मारली आणि पिशवी छातीशी धरून निघाली.

मागे पाण्यात कुणीतरी पाय ओढत होतं...

ती थांबली की आवाजही थांबायचा.

खोलीत येऊन दिरासमोरच तिने गाठ सोडली.

पायात कडं होतं... ओलं.

मावशी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्यासाठी धाय मोकलून रडली. संशय फिटला होता.

ते माळेतलं शेवटचं लहान कडं होतं.

तिने नोकरी सोडली. आता ती आमच्याकडे असते आणि मुठी घट्ट आवळून झोपते.

परवा सकाळी तिच्या उशाशी पाणी सांडलेलं होतं...

तेव्हापासून उठल्याबरोबर मी आधी तिची बोटं बघतो.