चाकं कोण मोजतं?

अक्षदाने बॅग काउंटरवर आपटली तेव्हा निमेश चहात खारी बुडवत होता. खारी तुटून पडली.

“तात्या कुठेत?”

“गावी. मी पुतण्या. बॅग मीच शिवलीय.”

“अरे वा! मग भांडण तुमच्याशीच.”

परळच्या या दुकानातून तिने कॅमेऱ्यासाठी बॅग शिवून घेतली होती. विमानात आपल्याजवळ ठेवता आली पाहिजे, हे बजावून सांगितलं होतं. गेल्या आठवड्यात विमानतळावरच्या मापाच्या चौकटीत ती बसलीच नाही. अक्षदाने विनवण्या केल्या, आवाज चढवला... बॅग खाली, सामानात गेली. जयपूरला उघडली तर मोठी लेन्स फुटलेली. हळदीचे फोटो उसन्या लेन्सवर काढावे लागले. नवरीची आई अजून तिचा फोन उचलत नाही.

निमेशने टेप लावली. “पंचावन्न सेंटिमीटर. बरोबर आहे की.”

“आणि चाकं?”

“चाकं कोण मोजतं?”

“विमानवाले मोजतात! चाकं, दांडा, सगळं! प्रवासाच्या बॅगा शिवता आणि एवढं विचारत नाही कुणाला?”

“मी विमानात कधी बसलोच नाही,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

तिला दया यायला हवी होती. राग आणखी चढला. “उद्या सकाळी कोचीला निघायचंय. माझ्या एकटीच्या नावावरचं लग्नाच्या फोटोंचं पहिलं काम आहे. उद्याही या बॅगेने असंच केलं तर—” पुढचं तिला बोलवेना.

निमेशने कप बाजूला सारला. चाकं काढली, ओढायचा दांडा काढला, तळ नव्याने शिवला, पाठीवर घ्यायला पट्टे लावले. अक्षदा स्टुलावर धुमसत बसली होती.

“वजनाचं काय?” त्याने विचारलं.

“एक लेन्स जॅकेटच्या खिशात घालते.”

“द्या जॅकेट. आतून मजबूत खिसा लावतो.”

देताना बोटाला बोट लागलं. तिने हात झटकन मागे घेतला.

“माझ्याकडे बघू नका. सुई टोचेल.”

“टोचली.”

“आगाऊपणा नको हां! राग गेलेला नाहीये माझा.”

“राहू दे ना. राग गेला की गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधतं. रागावलेलं परत येतं.”

ती हसली नाही. घोडपदेवला घरी पोचेपर्यंत मात्र ओठ दाबून धरावे लागले.

सकाळी विमानतळावर तिने बॅग चौकटीत सोडली. सरकली... अडली... तिने तळव्याने दाबली. बसली!

तिने निमेशला फोन लावला. “बसली.”

पलीकडे मोठा सुस्कारा. “आणि राग?”

“आहे. लेन्स फुटलीय माझी. रविवारी परत येतेय, न्यायला या. बॅग तुम्ही उचलायची. चाकं ठेवलीत कुठे तिला?”

“उचलेन. पण... किती दिवस?”

“राग जाईपर्यंत.”

“मग तो जाऊच नये असं म्हटलं तर... चालेल?”

विमानात बसायची घोषणा झाली. अक्षदाने फोन ठेवला नाही.