बारावी जागा

त्या सकाळी मी चिकट भात वाफवायला रोजच्यापेक्षा जरा लवकर उठले, एवढंच. भात, सुकवलेलं मांस आणि मोकसाठी दोन उकडलेली अंडी मी केळीच्या पानात बांधली. मोक माझा मुलगा, अडीच वर्षांचा. नवऱ्याला, पोंगला, तालुक्याच्या कचेरीत सैन्यभरतीसाठी हजर व्हायचं होतं. कॉलेजमुळे मिळालेली सूट संपली होती. हंडीत हात घालायचा, लाल चिठ्ठी आली तर दोन वर्षं छावणीत, काळी आली तर घरी. आमच्याकडे दर एप्रिलला हे असतंच, लोक त्याला जत्रेसारखे जातात. आमच्या घरचं मात्र वेगळं होतं.

पोंगचा मोठा भाऊ तोन. चार वर्षांपूर्वी त्याला लाल चिठ्ठी आली. छावणीत एक्केचाळिसाव्या दिवशी तो गेला. त्याला भर उन्हात पळवलं होतं आणि पाणी दिलं नव्हतं. कागदावर ‘उष्माघात’ लिहून आलं. शवपेटी घेऊन आलेल्या साहेबांनी ती नीट उघडूही दिली नाही. सासूबाईंना जेमतेम हात घालता आला. त्यांनी भाताच्या हंडीखालची काजळी अंगठ्याला लावली, तोनच्या डाव्या कानामागे अंगठा टेकवला आणि म्हणाल्या, “परत आपल्याच घरी ये.” आमच्यात असं करतात. मग माणूस खूण घेऊन परत जन्मतो.

दीड वर्षानं मोक झाला. डाव्या कानामागे काळा डाग, अगदी अंगठ्याएवढा.

घरात आनंदीआनंद. पण अशा पोरासमोर जुनं नाव घ्यायचं नसतं. त्याला मागलं आठवू नये म्हणून कोंबडीच्या अंगाखालचं अंडं उकडून भरवायचं असतं. तो घास घ्यायला लागल्यापासून मी दर आठवड्याला अंडं भरवलं. एकदाही चुकले नाही.

कचेरीच्या मांडवात पत्रे तापले होते. उघड्या अंगाची पोरं ओळीत बसली होती, प्रत्येकाच्या छातीवर शाईनं आकडा. पोंगच्या छातीवर एकोणतीस. आम्ही बायका दोरीच्या अलीकडे. शेजारची म्हातारी पंख्यानं वारा घेत सांगत होती, “वजन जास्त निघालं तर सोडतात म्हणे. म्हणून नातवाला आठवडाभर डुकराची चरबी चारली. मेल्याचं पोट असं बिघडलं की तीन किलो उतरूनच आला.” सगळ्या हसल्या. मीपण हसले.

भोंग्यावर सुभेदार बोलत होता. “बारा जागा आहेत, राजांनो. स्वतःहून आलेले किती? अकरा! एक जण या फक्त. एक आला की चिठ्ठ्याच नाहीत, सगळे घरी जाऊन झोपा. आईला विचारायला जाऊ नका, आई रडणारच आहे.”

कोणी उठेना. पूर्वी इथे साठसाठ पोरं यायची. आता आली होती एकतीस. काही राजधानीत, काही कोरियात, आणि बाकीची जन्मलीच नाहीत. जागा मात्र तेवढ्याच. कारकून सारखा घाम पुसत होता. आकडा कमी पडला की वरून त्यालाच बोलणी बसतात.

“शेवटचं विचारतो,” सुभेदार म्हणाला. “नाहीतर हंडी आणतो.”

हंडी आणली. पोंगनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तोनही तसाच बघत होता, त्याच मांडवात, सासूबाई सांगतात. मोक खांद्यावर होता. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि… आता मला कितीही वाटलं तरी ते परत घेता येत नाही.

मी म्हटलं, “तोनदादा, त्याला वाचवा.”

मोकनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं, पोर बघतं तसं नाही. मग मान माझ्या गळ्यात टाकली आणि झोपला. बघता बघता असा जड झाला, भिजलेल्या भाताचं पोतं उचलल्यासारखा. आणि गार. तापलेल्या पत्र्याखाली त्याचे पाय गार पडले होते.

त्याच वेळी मांडवाच्या मागून कोणीतरी चालत पुढे गेलं.

उघडं अंग, बारीक कापलेले केस. छातीवर आकडा नव्हता. मला फक्त पाठ दिसत होती आणि वास आला, बुटांच्या पॉलिशचा. पायात तर काही नव्हतं.

“हा कोण?” कारकून पुटपुटला. “साहेब, आजच्या यादीत नाव नाही याचं.”

“हात आहेत?”

“आहेत.”

“पाय आहेत?”

“आहेत साहेब. पण…”

“स्वतःहून आलाय ना? मग लिही. पण काय पण?”

तो सही करायला वाकला तेव्हा डावा कान माझ्याकडे झाला. कानामागे काळा अंगठा.

“बारा पूर्ण!” भोंगा ओरडला. पोरांनी मांडव डोक्यावर घेतला, म्हातारी नातवाच्या गळ्यात पडली. पोंग दोरी ओलांडून धावत आला, आम्हा दोघांना मिठी मारली. त्या गडबडीत मोक जागा झाला आणि रडायला लागला, साधं, भूक लागल्यासारखं. पुढे बघितलं तर टेबलापाशी कोणी नव्हतं.

घरी आल्यावर त्याला आंघोळ घालताना मी कानामागे हात फिरवला. डाग नव्हता. पुन्हा चोळलं. स्वच्छ.

सासूबाईंनी ते बघितलं. त्यांनीही कानामागे अंगठा फिरवून बघितला. मग हळूच म्हणाल्या, “दुआन… तू त्याला कुठल्या नावानं हाक मारलीस?”

मी सांगितलं.

त्या भिंतीला टेकून बसल्या. “वर्दीतच जाळला गं त्याला. मी म्हणत होते, निदान बटणं तरी सोडा. वर्दी अंगावर ठेवून जाळला तर सुटका होत नाही माणसाची. साहेब म्हणाले, हा मान असतो.”

पोंगला हे सांगितलं तर तो हसला. “कोणी गरीब पोरगा असेल, पगाराकरता आला असेल. त्याचे उपकार माना आणि झोपा.”

मे महिन्याच्या एक तारखेला नवीन भरती छावणीत हजर होते. त्या पहाटे मी उठले तर मोक अंथरुणाच्या पायाशी ताठ उभा होता, हात मांड्यांना चिकटवून. डोक्यावरून हात फिरवला तर तळव्याला टोचलं. केस गेले होते. तीन बाजूंनी कातडीपर्यंत, वर जेमतेम. अंथरुणावर, चटईवर, फळ्यांच्या फटींखाली, कुठेही एक केस सापडला नाही.

“उवा झाल्या म्हणून आईनंच कापले असतील,” पोंग म्हणाला. पण या वेळी हसला नाही.

तेव्हापासून मोक रोज पहाटे तसा उभा राहतो. ‘जेव’ म्हटल्याशिवाय घासाला हात लावत नाही. आठव्या दिवशी त्याच्या टाचांना फोड आले. मी त्याला दिवसभर कडेवरून खाली सोडत नाही, मग फोड कसले? डोक्याला बुटांच्या पॉलिशचा वास येतो. अंडी भरवते, दिवसाला तीन तीन, ती तो मुकाट्यानं गिळतो.

मी कचेरीत गेले. कारकून ओळखीचा निघाला, आईच्या गावचा. “मामा, तो बारावा पोरगा परत आणा. चुकून गेलाय.”

“चुकून कसा जाईल? छावणीतून रोजची हजेरी येते. बाराचे बारा हजर.”

“त्याचं नाव तरी बघू द्या.”

त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि वही फिरवली. मी सातवी शिकलेय, नाव वाचता येतं. बाराव्या ओळीत माझ्या मोकचं नाव होतं, जन्मदाखल्यावरचं, पूर्ण. आई म्हणून माझं. जन्मतारखेची जागा कोरी.

“मामा, हा अडीच वर्षांचा आहे,” मी म्हटलं. “हा बघा, कडेवर आहे माझ्या.”

त्यानं मोककडे बघितलं, त्याच्या डोक्याकडे बघितलं. मग वही मिटली. “पोरी, आकडा जुळलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. “जुळलेला आकडा कोणी खोडत नाही. नाव खोडलं तर त्या जागी दुसरा लागेल. एकोणतीस नंबर देऊ?”

मी घरी आले. पोंगला हे मी अजून सांगितलेलं नाही.

भन्ते रोज येऊन मंत्र म्हणतात. सासूबाईंनी तोनची ट्रंकेतली दुसरी वर्दी काढून तिची बटणं एकेक करून उसवली, मग वर्दी आणि बटणं दोन्ही विहिरीपाशी जाळली. शेवटचं बटण काही केल्या जळेना, ते अजून राखेत पडलंय.

आज छावणीचा अडतिसावा दिवस. बाहेर पाऊस नाही, ऊन उभं आहे. सकाळपासून मी मोकला चमच्याचमच्यानं पाणी पाजतेय. सकाळी पीत होता. दुपारपासून ओठ घट्ट मिटलेत, फुटलेत. त्याला अजून दोन शब्दांपलीकडे बोलता येत नाही. आत्ता थोड्या वेळापूर्वी मी पुन्हा चमचा नेला तेव्हा त्यानं माझा हात अलगद बाजूला केला, डोळे समोर ठेवले, आणि ओठ न हलवता मोठ्या माणसासारखा म्हणाला,

“आत्ता नको, दुआन… साहेब बघतायत.”