एक शब्द जुळेना

लाइट राहू दे म्हणणाऱ्यानं आत जाऊन झोपावं. बाकीचे सरका इकडे. आणि तू गं, पांघरुणातून एकच डोळा बाहेर काढलायस, पण कान दोन्ही उघडे आहेत तुझे. ऐक मग.

ही गोष्ट माझ्या बहिणीच्या मुलाची. व्हिडिओ कापतो, जोडतो, म्हणून मीच त्याचं नाव कात्र्या ठेवलंय. त्यानं मला समोर बसून सांगितलं. खोटं असेल तर त्याचं, माझ्या पदरचं काही नाही.

शनिवारी संध्याकाळी त्याच्या दुकानात त्या जागेचा मालक आला. दुकान म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक शटर. ह्या मालकाला सगळे थोरला म्हणायचे. त्याची आई नुकतीच गेलेली. रविवारी दुपारी हॉलमध्ये तिच्या आठवणीत माणसं जमणार होती, तिथे पडद्यावर तिचा शेवटचा व्हिडिओ दाखवायचा होता. आजारपणात तिनंच बोलून ठेवलेला. चित्र मोबाइलवर घेतलेलं, आवाज वेगळ्या माइकवर. दोन्ही जुळवून दे, म्हणाला.

कात्र्याला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना. अशा वेळी बोलायच्या आधी माणूस एक टाळी वाजवतो. हात भेटले ते चित्र आणि टाळीचा आवाज एकाखाली एक ठेवला की झालं. म्हातारीनंही वाजवली होती आणि वाजवून स्वतःच हसली होती. कात्र्यानं टाळी जुळवली. सुरुवात झकास, पण शेवटाकडे तोंड पुढे आणि आवाज मागे. मोबाइल एका चालीनं चित्र घेत नाही म्हणे, मध्येच धावतो, मध्येच रेंगाळतो, तुमच्या आजोबांसारखा. त्यानं चाल एकसारखी करून घेतली. जुळलं.

मग थोरला खुर्ची ओढून जवळ बसला.

व्हिडिओत म्हातारी म्हणत होती, हे कपाट थोरल्याचं. आणि हे घर धाकटीचं, तिनं माझं सगळं केलं. धाकटी म्हणजे थोरल्याची बहीण. लग्न न करता आईच्या उशाशी बसलेली. त्या घराशिवाय तिच्या डोक्यावर दुसरं छप्पर नाही. आईनं तिला बाहेर पाठवून हे बोलून ठेवलं होतं, त्यामुळे तिनं ते ऐकलेलं नव्हतं. आई जे म्हणाली असेल ते मला कबूल, असं चारचौघांत सांगून ती मोकळी झालेली.

थोरला म्हणाला, "कपाटाजवळचं 'थोरल्याचं' उचल आणि घराजवळ ठेव. पुढचं 'तिनं माझं सगळं केलं' काढून टाक."

कात्र्यानं आढेवेढे घेतले. नुसता आवाज उचलता येईल, चित्र नाही, तिथे तिनं मान कपाटाकडे वळवलीय. ओठ जुळणार नाहीत. फार तर तेवढ्यापुरता घराचा फोटो टाकतो. थोरला नको म्हणाला. आईचं तोंड दिसलंच पाहिजे, नाहीतर बहिणीला शंका येईल. मग त्यानं खोलीभर नजर फिरवली.

"जागा चांगली आहे रे तुझी."

एवढं बोलून गेला. कात्र्याच्या घरी बायको, दोन पोरं. बसला कामाला.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले. शटर खाली. शब्द ठेवला. किंचित पुढे सरकवला. किंचित मागे. तोंड म्हणतंय धाकटीचं, आवाज म्हणतोय थोरल्याचं. वैतागून त्यानं आवाज बंद केला आणि नुसते ओठ बघायला लागला.

हे घर... ओठ हलले.

मग मिटले.

पुढे हललेच नाहीत.

त्याला वाटलं, कॉम्प्युटर अडकला. पण तिच्यामागचा खिडकीचा पडदा हलत होता. पापण्या हलत होत्या. नुसतं तोंड बंद. त्यानं मागे नेलं, पुन्हा लावलं. तेच. मोबाइलमधलं मूळ चित्र उघडलं, हात न लावलेलं. तिथेही... तेच.

म्हातारी बघत होती. सरळ.

आवाज सुरू केला. मिटलेल्या ओठांवर शब्द वाजला. थोरल्याचं.

त्यानं थोरल्याला फोन लावला. सांगायला लागला, चित्र बिघडलंय, आईंचे ओठ... थोरला झोपेत होता. आवाज येतोय ना, मग झालं, म्हणाला. फोन बंद.

खोलीत कुणी नाही.

आणि मागून... टाळी.

एकच.

मान वळवली नाही त्यानं. वळेना.

समोर म्हातारीचे हात मांडीवरून उचलले गेले. सावकाश. जवळ आले... भेटले.

आवाज नाही झाला.

तो आधीच झाला होता.

...

तुम्हाला वाटेल, घाबरून त्यानं खरं तेच दिलं असेल. लहान आहात अजून. सकाळी त्यानं तो व्हिडिओ नेऊन दिला, तसाच.

माझी बहीण होती हॉलमध्ये. एवढा मोठा पडदा. म्हातारीचे ओठ मिटलेले आणि आवाज म्हणतोय, थोरल्याचं. दिसलं सगळ्यांना. कुणी खोकलं, कुणी चष्मा पुसला. माझी बहीणही मूग गिळून बसली, पोराचं दुकान होतं ना.

धाकटी तेवढी उठली. "दादा, आईनं तोंड कुठे उघडलं?"

"ऐकू आलं ना तुला?"

आलं, म्हणाली. शब्द दिला होता, पाळला. आता एका पाळणाघरात मुलं सांभाळते आणि रात्री तिथल्याच फरशीवर गादी टाकते. थोरल्याला काय झालं विचारताय? काही नाही. गाढ झोपतो, पोट सुटलंय. भुतंसुद्धा माणूस बघूनच धरतात बरं.

कात्र्या परवा आला होता. दारात उभा. ओठ हलले. आवाज नाही. मला वाटलं, मला बहिरं ठरवायला निघालाय, नुसते ओठ हलवायची माझीच खोड माझ्यावर. हसणार, तेवढ्यात ऐकू आलं, "मावशी."

तोंड तर केव्हाच मिटलेलं.

मी त्याला बस म्हटलं. चहा घेतोस का विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले. मी आत गेले. पाणी ठेवलं. पाण्याला उकळी फुटली...

तेव्हा बाहेरून आवाज आला.

"हो."